परभणी जिल्ह्यातील शिंपी समाजाचे व्यवसाय-परिवर्तन

श्रीसंत नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने ज्या नरसी गावाचा उल्लेख होतो, ते गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडत असे. महाराजांच्या घरी वाढलेल्या संत जनाबाईंचे गंगाखेड तर आजही याच जिल्ह्यात आहे. अशा भूमीत राहणाऱ्या आपल्या समाजाला आपल्या धार्मिक परंपरेची उजळणी वारंवार घडते, आणि ती घडावी हे योग्यच आहे. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या घरांत अन्न कोणत्या मार्गाने आले, तो मार्ग केव्हा व कशामुळे बदलला, आणि त्या बदलात घरातील कोणाच्या श्रमाची नोंद झाली व कोणाच्या श्रमाची राहून गेली, याचा विचार आपल्या स्मरणिकांतून क्वचितच झालेला आढळतो. प्रस्तुत लेखात तो करण्याचा अल्प प्रयत्न आहे. वाचकांनी आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी ताडून पाहाव्यात, एवढीच विनंती.

जुनी गावगाड्यातील स्थिती

जुन्या गावगाड्यात बारा बलुतेदारांचे स्थान पक्के होते. शिंप्याचे नाव बहुधा अलुतेदारांच्या यादीत येते. याचे कारण समजण्यास कठीण नाही. सुताराविना नांगर नाही आणि लोहाराविना फाळ नाही. परंतु शिवलेल्या वस्त्राविना शेतकऱ्याचे वर्ष निभावत असे. पुरुषाचे धोतर, उपरणे व पागोटे आणि स्त्रीचे लुगडे ही सारी न शिवलेली वस्त्रे होत. शिलाईचे काम उरे ते चोळी, बंडी, बाराबंदी, अंगरखा आणि तान्ह्या मुलांची कुंची-टोपडी यांपुरते. म्हणून प्रत्येक खेड्यात शिंप्याचे घर असेच असे नाही. पुष्कळ घरे बाजाराच्या गावी राहत, आठवडी बाजार करीत, खण विकीत आणि लग्नसराईत यजमानाच्या घरी जाऊन बसत. मोबदला पुष्कळदा सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे.

या व्यवस्थेत घर आणि कारखाना अशी दोन ठिकाणे नव्हती. बेतण्याचे काम कर्ता पुरुष करी. चोळ्यांचे टाके, कुंच्यांची कलाकुसर आणि उरलेल्या चिंध्यांची वाकळ ही कामे घरातील स्त्रिया करीत. मुलगा सुईत दोरा ओवण्यापासून धंदा शिके. मिळालेले धान्य एकाच कणगीत पडे, आणि त्यात कोणाचा वाटा किती हा प्रश्न कोणी विचारीत नसे. महाराजांच्या पदांतून गज, कात्री, सुई, दोरा हे शब्द आले आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत, आणि त्यांतही या धंद्याच्या खुणा दिसतात. हा धंदा त्या काळी घराच्या ओसरीवर चालणारा होता, हे त्या शब्दांमागे ध्यानात घ्यावयाचे.

आगगाडी, कापूस आणि गिरणीचे कापड

या स्थितीला पहिला मोठा धक्का दिला तो कापसाने व आगगाडीने. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, विलायतेतील गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाड-मराठवाड्याच्या कापसाचे मोल वाढले. पुढे १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड या मार्गाने हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला. सेलू, मानवत, परभणी येथील मोंढे भरभराटीस आले, सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले, आणि पूर्णा हे पुढे जंक्शनचे गाव बनले.

ज्या गाडीने कापूस मुंबईस गेला त्याच गाडीने गिरणीचे कापड परभणीस आले. या एका गोष्टीचे परिणाम निरनिराळ्या समाजांवर निरनिराळे झाले. कोष्टी, साळी, मोमीन या विणकर बांधवांच्या मागांवर संकट आले. आपल्या समाजास मात्र त्याच कापडाने काम दिले. कापड स्वस्त झाल्यामुळे सदरा, कोट, पायजमा यांचा वापर वाढला. निजामी राजवटीतील कचेऱ्यांतून शेरवानीची चाल होती, तिने शहरी कारागिरास काम पुरविले. एका उद्योगाचा ऱ्हास हा दुसऱ्याचा उदय ठरला. मुसलमान दर्जी बांधवही याच धंद्यात होते, आणि परभणीच्या बाजारात दोन्ही समाजांची दुकाने एकाच ओळीत नांदत, याचाही विसर पडू नये.

शिवणयंत्राचे आगमन

एलियस हॉवे या अमेरिकन कारागिराने १८४६ साली आपल्या शिवणयंत्राचे पेटंट मिळविले. आयझॅक सिंगर याने १८५१ साली सुधारलेले यंत्र पुढे आणले. हॉवेचे यंत्र मिनिटास सुमारे अडीचशे टाके घालीत असे, आणि इतकी गती कितीही सवयीच्या हातास शक्य नव्हती. सिंगर कंपनीने यंत्राइतकीच महत्त्वाची दुसरी एक गोष्ट रूढ केली, ती म्हणजे हप्त्याने विक्री. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही यंत्रे हिंदुस्थानात येऊ लागली. पुढे १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' यंत्र काढले आणि देशी यंत्र सामान्य कारागिराच्या आवाक्यात येऊ लागले.

सुई, कात्री व गज एवढ्या सामग्रीवर चालणाऱ्या धंद्यास आता भांडवल लागू लागले. कोणी हप्त्याने, कोणी सावकाराकडून कर्ज काढून, कोणी सोने मोडून यंत्र घेतले. त्या सोन्यात गृहिणीच्या अंगावरचे सोने किती होते, याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही. यंत्रावर बसण्याचा मान पुरुषाकडे गेला. स्त्रियांच्या वाट्यास काज करणे, बटणे लावणे, तुरपाई करणे, दोरे कापणे व इस्त्री करणे ही कामे आली. ही कामे रात्री कंदिलाच्या उजेडात, स्वयंपाकपाणी आटोपल्यावर होत. दुकानावरील फलकावर नाव एकाचे असे. सदरा मात्र तीन-चार हातांतून तयार होऊन बाहेर पडे.

राज्यांतर आणि भरभराटीचा काळ

१९४७-४८ चे रझाकारांच्या धुमाकुळाचे दिवस या जिल्ह्याने सोसले. पुष्कळ कुटुंबे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले व मराठवाडा मुक्त झाला. १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिऱ्या नष्ट झाल्या. हाली सिक्का काही वर्षे भारतीय रुपयाबरोबर चालला. सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव असे, आणि गिऱ्हाइकाने शिलाई कोणत्या नाण्यात द्यावी यावरून दुकानात वाद होत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य निर्माण झाले.

या राज्यांतराने आपल्या समाजास दोन वाटा उघडून दिल्या. पहिली वाट धंद्याची. खेडोपाडी शाळा निघाल्या, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, कचेऱ्या वाढल्या. शाळेचा गणवेश, शिपायाचा पोशाख, नोकरदाराची विजार व बुशकोट हे सारे बेतून शिवले जात असे. पुढे टेरिलीन व टेरिकॉट आले. ज्या पिढीने धोतर नेसून शाळा पाहिली, तिने आपल्या मुलास विजार शिवली. १९५० ते १९८० हा काळ परभणी जिल्ह्यातील शिलाईधंद्याच्या भरभराटीचा म्हणावयास हरकत नाही.

दुसरी वाट शिक्षणाची. निजामी अमलात वरचे शिक्षण उर्दूतून असल्याने मराठी मुलांची फार कुचंबणा होत असे. आता मराठी शाळा मिळाली; १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले; १८ मे १९७२ रोजी परभणीतच कृषी विद्यापीठ आले. शिंप्याचा मुलगा शिक्षक, कारकून, ग्रामसेवक, रेल्वे व एस. टी. तील कर्मचारी होऊ लागला. ज्या दुकानाने गणवेश शिवले त्याच दुकानाच्या उत्पन्नावर मुले शिकली, आणि शिकल्यामुळे दुकानात परत आली नाहीत. ही हानी नव्हे. परंतु दुकान बंद होण्याची सुरुवात तयार कपड्यांच्या आगमनापूर्वीच झाली होती, हे सत्य आपण मान्य केले पाहिजे.

शेतीच्या सुगीशी बांधलेले उत्पन्न

येथे उत्पन्नाच्या स्वरूपाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. शिंप्याचे वर्ष शेतकऱ्याच्या वर्षाप्रमाणे चाले. कापूस मोंढ्यात गेला की लग्नसराईचे कपडे, जूनमध्ये शाळांचे गणवेश, पुढे दसरा-दिवाळी, ईद आणि परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाच्या निमित्ताने पुन्हा काम. मध्यंतरीच्या महिन्यांत यंत्रावर धूळ बसे. अवर्षण पडले म्हणजे शेतकऱ्याच्या खर्चातून पहिल्याने कमी होई ते नवे वस्त्र. १९७२ च्या दुष्काळात ही गोष्ट सर्वांनी अनुभवली. त्या दुष्काळात शेतमजुरासाठी रोजगार हमीची कामे निघाली व पुढे तिचा कायदा झाला. परंतु ज्याच्या हातात सुई, त्याने खडी फोडावयास जावे की घरी बसावे, हा पेच पुष्कळ घरांपुढे पडला. जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. डाव्या कालव्याचे पाणी जिल्ह्यात आले तेथे ऊस-कापूस पिकला व बाजारगावांतील दुकानेही सावरली. धंदा आपला असला तरी त्याचा पाया काळ्या मातीत होता.

तयार कपड्यांचा काळ

१९८० नंतर तयार कपडे जिल्ह्याच्या बाजारात दिसू लागले व १९९० नंतर त्यांचा पूर आला. तयार वस्त्रांचे उत्पादन पूर्वी लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेले होते. २००० सालच्या वस्त्रोद्योग धोरणाने विणलेल्या कापडाच्या वस्त्रांवरील ते बंधन काढले. मोठ्या कारखान्यात एक माणूस दिवसभर केवळ कॉलर जोडतो व दुसरा केवळ खिसा, यामुळे एका सदऱ्यामागील मजुरी इतकी उतरते की बेतून शिवणाऱ्या कारागिराची शिलाईच तयार सदऱ्याच्या किमतीच्या जवळ येते. कापडाची किंमत त्याहून निराळी. गिऱ्हाइकाने कोणते घ्यावे हे सांगावयास नको.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. या काळात तिच्या उलटच घडले; परभणीत बनेना म्हणून तरुण औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, पुणे व मुंबई येथे गेले. काहींनी दुकानातच कापड व तयार कपडे ठेवले, काहींनी दुरुस्ती व मापात बसवून देण्याचे काम धरले. पुरुषाच्या विजार-सदऱ्याचे काम घटले. परंतु स्त्रीच्या चोळीचे, म्हणजे आजच्या ब्लाउजचे काम टिकले, कारण ते प्रत्येकीच्या मापानेच बेतावे लागते. त्यासोबत फॉल-बिडिंग, पिको ही कामे आली. आणि ही कामे करणारे हात बहुतांशी स्त्रियांचे आहेत. यंत्रावर बसण्याचा जो मान एकदा पुरुषाकडे गेला होता, तो अशा रीतीने पुन्हा घराच्या ओसरीवर, गृहिणीकडे आला.

खानेसुमारी काय सांगते, काय सांगत नाही

हा बदल सरकारी आकड्यांतून दिसतो काय, हे आता पाहू. हैदराबाद संस्थानात पहिली खानेसुमारी १८८१ साली झाली. १९३१ पर्यंत जातवार माहिती निघत असे. त्यानंतर अनुसूचित जाती व जमाती वगळता जातवार कोष्टके प्रसिद्ध झाली नाहीत. सबब परभणी जिल्ह्यातील आपल्या समाजापैकी किती जण आज शिलाई करतात व किती पगारावर आहेत, हे सांगणारा एकही अधिकृत आकडा उपलब्ध नाही.

जे आकडे आहेत ते सर्व जनतेचे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ भरली. देशभरातील काम करणाऱ्यांत घरगुती उद्योगातील लोकांचे प्रमाण २००१ साली ४.२ टक्के होते, ते २०११ साली ३.८ टक्के झाले. शेतकऱ्यांचे प्रमाण ३१.७ वरून २४.६ वर आले आणि शेतमजुरांचे २६.५ वरून ३० वर गेले. यावरून घरगुती धंदे संपत चालले असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु त्याआधी व्याख्या पाहावी. शहरात घराच्या आवारात शिवणारा कारागीर 'घरगुती उद्योग' या सदरात पडतो; त्याच कारागिराने बाजारात गाळा घेतला की तो 'इतर' या सदरात जातो. हात तोच, काम तेच, सदर मात्र निराळे!

स्त्रियांच्या बाबतीत तर व्याख्येने फारच उलथापालथ केली. १९६१ साली हंगामात दररोज तासाभराहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती काम करणारी गणली गेली. १९७१ साली 'मुख्य उद्योग कोणता' असे विचारले गेले. काज-तुरपाई करणाऱ्या गृहिणीने 'घरकाम' असे उत्तर दिले, किंवा तिच्या वतीने घरच्या पुरुषाने दिले. परिणामी देशातील काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कागदावर निम्म्याहूनही खाली आले. एका दशकात एवढ्या स्त्रियांनी काम सोडले, असे घडलेले नव्हते. म्हणून १९८१ पासून मुख्य व सीमांतिक असे दोन वर्ग करून ही चूक काहीशी सुधारण्यात आली.

उत्पन्नाचाही असाच प्रकार आहे. समजा, एका घरात महिन्यास २०,००० रुपयांची शिलाई झाली. दोरा, बटणे, वीज, भाडे व यंत्राची दुरुस्ती यांस ५,००० गेले. राहिलेले १५,००० रुपये कुटुंबप्रमुखाचे उत्पन्न म्हणून लिहिले जातात. प्रत्यक्षात ते पती, पत्नी व मुलगी अशा तिघांच्या श्रमाचे, म्हणजे माणशी ५,००० आहेत. दुसऱ्या घरात एकट्या मुलाचा पगार १५,००० आहे. कागदावर दोन्ही घरे समान. परंतु पहिल्या घरातील तरुण धंदा का सोडतो, याचे उत्तर या भागाकारात आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत देशातील सुमारे ७५ टक्के ग्रामीण कुटुंबांत सर्वांत अधिक मिळविणाऱ्या व्यक्तीचेही मासिक उत्पन्न ५,००० रुपयांहून कमी आढळले. त्या आकड्यामागे अशी किती न मोजलेली माणसे असतील, याची कल्पना करावी.

आज आपले कर्तव्य

हा केवळ इतिहासाचा प्रश्न राहिलेला नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत १८ कारागिरीच्या धंद्यांमध्ये शिंपीकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपये कर्ज, अशी तिची तरतूद. मात्र लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीस मिळतो. ज्या घरात यंत्र चालविणारी व्यक्ती गृहिणी आहे तेथे नाव कोणाचे द्यावयाचे? राज्य शासनाने २०२४-२५ साली शालेय गणवेश महिला बचत गटांकडून शिवून घेण्याचा प्रयोग केला व डिसेंबर २०२४ मध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. असे काम मिळविताना कारागीर म्हणून ओळख असणे उपयोगाचे ठरावे. कागदावर जी 'घरकाम करणारी' आहे, तिच्याकडे ते येणार कसे?

याहून महत्त्वाची गोष्ट जनगणनेची. १ मार्च २०२७ ही जिची संदर्भ-तारीख ठरविण्यात आली, त्या जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर झाला. १९३१ नंतर आपल्या व्यवसायाचे खरे चित्र उमटण्याची ही पहिली संधी होय. त्या नोंदीत समाजाची संख्या आली, पण समाजातील निम्म्या कारागिरांचा धंदा आला नाही, तर ते चित्र अपुरेच राहील.

यास्तव दोन सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. पहिली, 'आपण काय काम करता' असा प्रश्न घरातील स्त्रीस विचारला गेल्यास तिने स्वतः उत्तर द्यावे, आणि शिवणकाम करीत असल्यास तसे स्पष्ट सांगावे. पुरुषांनी मध्ये पडून 'काही नाही, घरीच असते' असे म्हणू नये. दुसरी, आपल्या समाजाने परभणी, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा व जिंतूर या नऊ तालुक्यांत कुटुंबवार नोंदवही करावी. आजोबा, वडील व आजची पिढी यांचा धंदा; घरात यंत्रे किती व ती कोण चालविते; वर्षातील कोणते महिने कामाचे व कोणते रिकामे; खर्च वजा जाता शिलाई किती उरते, इतक्याच बाबी तीत असाव्यात. वधूवरांची यादी आपण दरवर्षी तत्परतेने करतो. तेवढ्याच श्रमात ही वही होईल, आणि शिष्यवृत्ती, पतपुरवठा व प्रशिक्षण यांचे निर्णय अंदाजाने न होता माहितीने होतील.

नामदेव महाराजांच्या घराने दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंचे श्रम आडोशास ठेवले नाहीत. ते श्रम अभंगांतून प्रकट झाले, आणि सातशे वर्षे लोटली तरी महाराष्ट्र त्या श्रमांसह तिला ओळखतो. त्याच परंपरेचे आपण वारस. आपल्या घरात रात्री उशिरापर्यंत काजे करणाऱ्या आजीचे आणि आज पिकोचे यंत्र चालविणाऱ्या सुनेचे नाव कारागीर म्हणून एका साध्या वहीत लिहिणे आपणांस जड जाऊ नये. समाजबंधुभगिनींनी या कामास हातभार लावावा, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.